दोराला हात लावला त्याचा वाटा : मालवण किनाऱ्यावरच्या एका घराचं प्रकरण

नाताळच्या सुट्टीतल्या एका शनिवारी मालवण तालुक्यातल्या एका वाडीवर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) लागली. बांगडा चांगला मिळाला. पुळणीवर वाटे घातले गेले तेव्हा पुण्याहून आलेल्या एका पर्यटक कुटुंबाला पिशवीभर बांगडे मिळाले. ते कुटुंब ज्या घरी उतरलं होतं, त्या घरच्या सव्वीस वर्षांच्या मुलाला मात्र माणसाचा वाटा मिळाला नाही. वाटे घालणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये त्याचे सख्खे आजोबा होते.

पैशात बघितलं तर प्रकरण क्षुल्लक. त्या मुलाने त्याच सकाळी स्कूबाच्या दोन फेऱ्यांत जे मिळवलं, त्यापुढे एका माणसाच्या वाट्याचे बांगडे म्हणजे एक वेळचं कालवण. तरी त्या घरात पुढचे आठ-दहा दिवस आजोबा आणि नातू एकमेकांशी बोलत नव्हते आणि गोष्ट रापण संघाच्या बैठकीपर्यंत गेली. एवढ्याशा माशांवरून एवढं का व्हावं, हे समजून घ्यायला हे टिपण. गाव, घर आणि संघ यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. आचऱ्यापासून देवबागपर्यंतच्या पट्ट्यात हे कुठेही घडू शकलं असतं.

आजोबा

आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे. गाबीत या मासेमार समाजातलं घर, दारातून दर्या दिसतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, हे मालवणच्या माणसाला सांगायला नको, पण घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पहाटेपासून कोणीतरी पाण्यावर नजर ठेवून असतं. एका पट्ट्यात पाण्याचा रंग बदलला, पक्षी एकाच जागी सूर मारायला लागले, की मासा किनाऱ्याला लागल्याचं कळतं. मग दोराचं एक टोक पुळणीवर धरून ठेवतात, जाळं भरलेली होडी अर्धवर्तुळात वळसा घालून दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणते आणि दोन्हीकडे माणसं दोराला लागतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात. शेवटी काही जण छातीभर पाण्यात उतरून जाळ्याची खालची कड पायाने दाबून धरतात, नाहीतर मासा तळातून निसटतो. दोन-तीन तास सहज जातात. चाळीस-पन्नास माणसं असली तर बरं, तीस असली तर दुसऱ्या दिवशी खांदे उचलत नाहीत.

या वाडीच्या संघात मिळालेल्या मासळीचे वाटे असे पडतात: आधी होडीचा आणि जाळ्याचा वाटा, मग माणसांचा. जाळं एकाच्या मालकीचं नसतं. घराघराने आपला तुकडा आणून जोडलेला असतो, त्यामुळे जाळ्याचा वाटा घराला मिळतोच, मग त्या घरचा पुरुष आजारी असो, मुंबईत असो की वारलेला असो. माणसाचा वाटा मात्र हजर असलेल्या माणसाचा. आणि कुठल्याही वहीत नसलेला एक नियम सगळे पाळतात. जाता-येता ज्याने दोराला हात लावला, मग ते शाळेला निघालेलं पोर का असेना, त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही.

आजोबांच्या लेखी काम म्हणजे ही हजेरी. कोण जास्त जोर लावतो, कोण फक्त दोर धरून चालतो, हे सगळ्यांना दिसतं, त्यावरून चेष्टाही होते, पण वाट्यात फरक पडत नाही. त्यांना मी विचारलं की आता तुम्ही कामातून मोकळे झालात का, तर म्हणाले, "ओढूक जमणा नाय, म्हणान दोर गुंडाळतंय." दोर गुंडाळणं, वाटे घालणं, मासा कुठे लागलाय ते सांगणं ही आता त्यांची कामं. निवृत्तीचं वय त्या पुळणीवर नाही.

इथे एक गोष्ट मध्येच सांगायला हवी, नाहीतर जुनी पिढी एकजात दर्याला वाहिलेली होती असा समज होईल. आजोबांचे धाकटे भाऊ विशीतच मुंबईला गिरणीत लागले होते. गावी मनीऑर्डर यायची. घरात मान त्यांचा मोठा, कारण महिन्याच्या महिन्याला ठरलेला पैसा देणारा घरात तोच एक. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने गिरणी सुटली आणि ते परत येऊन दोराला लागले. संघाने त्यांना विचारलं नाही की इतकी वर्षं कुठे होतास. म्हणजे बांधलेल्या पगाराची ओढ आणि पडत्या काळात रापणीचा आधार, या दोन्ही गोष्टी आजोबांच्याच पिढीत त्यांच्याच माजघरात नांदत होत्या.

वडील

वडिलांना रापण लहानपणापासून ठाऊक, पण त्यांचं मन तिच्यात रमलं नाही. रोजच्या दोरात रोजची भाजी-भाकरी सुटते, घर उभं राहत नाही, हे त्यांचं म्हणणं आणि ते खोटं नव्हतं. नव्वदच्या दशकात कोळंबीला परदेशातून भाव होता. सहकारी सोसायटीमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमाचं कर्ज काढून त्यांनी दोघांच्या भागीत ट्रॉलर घेतला. आजोबांनी तेव्हा दोन महिने त्या बोटीवर पाय ठेवला नव्हता. कारण सरळ होतं: ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं, आणि किनाऱ्याजवळ आलं तर रापणीच्या तोंडचा मासा पळतो. यंत्राच्या नौकांना किनाऱ्यापासून लांब ठेवता यावं यासाठीच महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला होता. कायद्याच्या दोन बाजू त्या घरात एकाच पंक्तीला जेवत होत्या.

ट्रॉलरवर वाटा उरला नाही असं नाही, पण तो मालक, तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि खलाशी यांच्यात उतरंडीने पडू लागला. सुरुवातीला खलाशी वाडीतलेच होते. पुढे ते मिळेनात, तेव्हा नेपाळी आणि कर्नाटकातले खलाशी उचल देऊन आणावे लागले. हंगामाच्या आधी उचल द्यायची, त्यासाठी स्वतः व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, मग मासा त्यालाच त्याच्या भावात घालायचा. डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती, महिनोन्‌महिने न येणारा डिझेल परतावा. वडिलांचं काम दर्यात जितकं होतं तितकंच सोसायटीच्या कचेरीत आणि बँकेत. ते मला म्हणाले की त्या वर्षांत त्यांनी मासे मोजलेच नाहीत, फक्त हप्ते मोजले.

मग मासा कमी होत गेला. पर्ससीनच्या, म्हणजे थव्याभोवती वेढा घालून तळ आवळणाऱ्या जाळ्याच्या, नौका एका फेऱ्यात थवाच्या थवा उचलू लागल्या, परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर रात्री आत घुसू लागले. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनवर बंधनं आणली, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबरपुरता ठेवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडीच्या झोतात मासेमारी करायला मनाई केली. रात्री दर्यावर दिसणारे दिवे मात्र वाडीतल्या कोणीही मोजून दाखवेल. त्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ आलं, ऐन हंगामात बोटी बंदरात अडकल्या. वडिलांनी आपली भागी विकली आणि आउटबोर्ड इंजिनची छोटी फायबर होडी घेतली. ज्या ट्रॉलरवाल्याने बापाचा मासा पळवला, त्याचा मासा त्याच्याहून मोठ्याने पळवला, असं वाडीत म्हणतात आणि वडीलही त्यावर हसतात. पण हसताना ते मुलांकडे बघत नाहीत, समोरच्या भिंतीकडे बघतात.

आपल्या मुलाने दर्यात जाऊ नये यासाठी त्यांनी शिकवलं. डिप्लोमा, मग पुण्यात नोकरी. पोरगा काय करतो, या स्थळवाल्यांच्या प्रश्नाला पुण्यात कंपनीत आहे हे उत्तर देता यावं, एवढी साधी इच्छा. दर्यावर जाणाऱ्या मुलाला आज आपल्याच समाजातली मुलगी मिळायला किती जड जातं, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरी विचारावं.

मुलगा

मुलगा पुण्यात वर्षभरही टिकला नाही. तोवर मालवणचा चेहरा बदलला होता. सिंधुदुर्ग १९९७ मध्येच पर्यटन जिल्हा जाहीर झाला होता, पण पर्यटकांची खरी गर्दी पुढे कधीतरी लोटली. किल्ल्याच्या आसपास स्कूबा आणि स्नॉर्कलिंग, देवबागच्या संगमाला बनाना राइड आणि जेट स्की. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे तो शिकला, पाडी या आंतरराष्ट्रीय डायव्हिंग संस्थेची प्रमाणपत्रं घेत डाइव्ह मास्टर झाला. घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या काढल्या, निवास-न्याहारी योजनेत नोंदवल्या. बापाने ज्या दर्यातून त्याला बाहेर काढायला कर्ज फेडलं, त्याच दर्यात तो परत आला. फरक इतकाच की आता तो मासे वर आणत नाही, माणसं खाली नेतो.

त्याच्या कामाला हलकं म्हणणाऱ्यांनी एक दिवस त्याच्यासोबत घालवावा. पोहता न येणारा, घाबरलेला, आदल्या रात्री थोडी घेतलेला माणूस बोटीच्या कडेवर बसवून त्याला तोंडाने श्वास घ्यायला शिकवायचं, सिलिंडर चढवायचे-उतरवायचे, दिवसात कितीदा तरी खाली-वर व्हायचं. कान धरतात, सर्दीत डोकं फुटायची वेळ येते. आणि संध्याकाळी मोबाइलवर बघायचं की किती स्टार मिळाले. पाण्याखाली गढूळ होतं म्हणून एका पाहुण्याने एकच स्टार दिला, तेव्हा तो रात्रभर जागा होता. गढूळ पाण्यावर याचा काय इलाज?

आईचं काम या तिघांच्या हिशोबात कुठे बसतं, हा प्रश्न मला सुरुवातीला सुचला नव्हता, तिनेच बोलता बोलता सुचवला. लग्न झाल्यापासून ती पहाटे लिलावाला जायची, पाटी भरायची, एसटीने बाजाराला जाऊन मासे विकायची, दुपारी परत येऊन रांधायची. ट्रॉलर तोट्यात होता त्या वर्षांत घर चाललं ते तिच्या पाटीवर. पण रापणीच्या वाट्यात तिचं नाव नव्हतं, ट्रॉलरच्या भागीत नव्हतं, सोसायटीच्या सभासदांतही नव्हतं. आता पाहुण्यांच्या ताटाचे पैसे ठरलेले आहेत. मुलगा महिन्याच्या शेवटी ताटं मोजतो आणि तेवढे पैसे तिच्या खात्यात घालतो. ती म्हणाली की पंचवीस वर्षं तेच तिखट, तेच सुक्या खोबऱ्याचं वाटप केलं, पण त्याला किंमत असते हे पहिल्यांदा परक्या माणसाने दाखवलं. पर्यटनाने मालवण बिघडवलं असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं.

तो शनिवार

पहाटे पावणेसातला संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला की बांगडा लागलाय, या. वडील रात्रीच होडी घेऊन गेले होते, आले नव्हते. मुलगा त्या वेळी पहिल्या तुकडीला बोटीवर चढवत होता. गर्दीचे दिवस, वाडीतली निम्मी तरुण पोरं अशाच कुठल्या ना कुठल्या बोटीवर. दोराला माणसं कमी पडली.

त्याने मेसेज बघितला आणि दोन गोष्टी केल्या. आपल्या घरी उतरलेल्या, नऊची वेळ घेतलेल्या पुण्याच्या पाहुण्यांना फोन करून सांगितलं की पुळणीवर रापण बघायला जा. आणि बाकीच्या बोटवाल्यांना एकेक फोन करून जाळ्याच्या फेऱ्यापासून बोटी लांब ठेवायला लावल्या. एक जेट स्कीवाला ऐकेना तेव्हा पाहुण्यांना बोटीवर थांबवून स्वतः त्याच्यापर्यंत गेला. जाळ्याचा फेरा पुरा व्हायच्या आत एक इंजिन आवाज करत मधून गेलं, तर बांगड्याचा थवा खोल पाण्यात वळतो. हे त्याला आजोबांनीच शिकवलेलं.

पुण्याचे पाहुणे बघायला गेले आणि म्हाताऱ्यांची दमछाक बघून दोराला लागले. फोटोपुरते नाही. त्या गृहस्थांचे तळहात सोलवटले, बाईंनी आणि दोन्ही मुलांनी शेवटपर्यंत ओढलं. वाटे घालताना आजोबांनी त्यांच्या पिशवीत बांगडे घातले, जसे आयुष्यभर घालत आले.

मुलगा अकराच्या सुमाराला आला. जाळ्याचा वाटा घराला मिळाला होता. माणसाचा वाटा त्याने मागितला, बोटी लांब ठेवल्या त्याबद्दल. आजोबांचं उत्तर एका ओळीचं होतं.

"दोराक हात नाय, वाटो नाय."

"मी काय निजान होतंय? सकाळच्यान दर्यातच होतंय."

तोवर किनाऱ्याला लागलेल्या वडिलांनी तेवढ्यात तेल ओतलं: "दर्यात होतंस, पण मासे दाखवूक."

चारचौघांत हशा झाला. अबोल्याला मासे कारण नव्हते, हा हशा होता, असं मला वाटतं.

बैठक

पोरगा गप्प बसला असता तर विषय घरातच जिरला असता. त्याने संघापुढे एक प्रस्ताव नेला: पर्यटकांना दोर ओढायला आवडतं हे दिसलंच आहे, तर हंगामात शनिवार-रविवारी 'रापण अनुभव' ठेवू, माणशी पैसे घेऊ, अर्धे संघाला, अर्धे पाहुणे आणणाऱ्याला. तरुणांना पटलं. देवळाच्या सभामंडपात बैठक भरली.

तिथे आजोबा जे बोलले ते मला या सगळ्या प्रकरणाचं मर्म वाटतं. "आजपर्यंत जो ओढता तेका आमी मासे दिले. आता जो ओढता तेच्याकडसून पैशे घेवचे?" त्यांना पैशाचं वावडं नव्हतं, आजवर त्यांनी लिलावात एक रुपया सोडलेला नाही. त्यांचा आक्षेप असा की कष्टाची दिशाच उलटी होतेय. ज्या हाताला आजवर देणं लागत होतो, त्याच हाताकडून घेणं लावायचं. पाहुण्यासाठी ओढणं ही गंमत झाली, तर शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या हातातला दोर तरी काय राहिला?

वडिलांचा विरोध वेगळ्या अंगाने आला. मासा वेळापत्रक बघून लागत नाही. दहा वाजताचे पैसे घेतले की दहा वाजता जाळं मारावंच लागणार, मासा असो नसो. रिकामी ओढली की जाळं झिजतं, दगडाला लागून फाटतं, आणि किनाऱ्याला येऊ घातलेला मासा बुजतो. हप्त्यांखाली वर्षं काढलेल्या माणसाला ठरल्या वेळी काही देण्याचं वचन म्हणजे काय असतं, हे बरोबर कळलं होतं.

माणसाच्या वाट्याचा मुद्दा मात्र तिसऱ्याच कोणीतरी सोडवला. गिरणीतून आलेल्या त्या धाकट्या आजोबांचा नातू बोलला, "होडयेत बसतत ते खंय दोराक लागतत?" होडी वल्हवणारे दोर ओढत नाहीत, तरी त्यांना वाटा आहे, कारण त्यांच्याशिवाय जाळं पडणार नाही. मग आजच्या दर्यात बोटी अडवणाऱ्याशिवाय जाळं पडतं का? म्हातारे गप्प झाले. आजोबांनी बराच वेळ काही म्हटलं नाही, मग मान हलवली. त्यांच्या नियमाला त्यांच्याच नियमातून उत्तर मिळालं होतं. नवीन जमान्याच्या व्याख्यानाने ते हलले नसते.

ठरलं ते असं. ठरलेल्या वेळेचा कार्यक्रम नाही, पैसे नाहीत. रापण लागली आणि पाहुणे आले तर त्यांनी खुशाल ओढावं, त्यांना रीतीप्रमाणे मासे मिळतील. गर्दीच्या दिवसांत प्रत्येक रापणीला एक माणूस बोटी लांब ठेवायला नेमायचा, त्याला माणसाचा वाटा. आणि ज्यांच्या घरी पर्यटक उतरतात, त्या घरांनी पावसाळ्यात जाळं दुरुस्तीला बसायचं. या शेवटच्या अटीवर मुलाने कुरकुर केली, पण जलक्रीडा त्या दिवसांत बंदच असतात, तेव्हा सबब नव्हती.

माझं मत

अशा भांडणांवर दोन तयार उत्तरं असतात: नव्या पोरांना कष्ट नकोत, आणि म्हाताऱ्यांना जग बदललेलं कळत नाही. या घरात दोन्ही लागू पडत नाहीत. मुलगा बापाइतकाच घामाघूम होतो. आजोबा व्हॉट्सअॅपवर रापणीचा निरोप जातो याबद्दल तक्रार करत नाहीत, उलट लवकर माणसं जमतात म्हणून खूश आहेत.

तिघांचं बिनसतं ते कामाला साक्षी कोण यावर. आजोबांच्या कामाला साक्षी होती शेजारी दोर ओढणारी माणसं. हिशोब वाळूवर, सगळ्यांच्या देखत, मासा ताजा असतानाच मिटायचा. वडिलांच्या कामाची साक्ष पासबुकात आणि व्यापाऱ्याच्या चोपडीत. वाडीला फक्त बोट दिसायची, कर्ज दिसायचं नाही. मुलाच्या कामाचा निवाडा करतो तो रविवारी रात्री गाडीने परत जाणारा माणूस, जो पुन्हा येईलच असं नाही. त्या शनिवारी पोराने केलेलं काम खरं होतं, पण ते ज्यांनी पाहायला हवं होतं त्यांच्या नजरेपलीकडे झालं. त्याला वाटा हवा होता तो माशांचा नव्हेच, पुळणीवरच्या माणसांनी आपल्याला मोजावं याचा. नाहीतर स्कूबा करणारा पोरगा पिशवीभर बांगड्यांसाठी चारचौघांत हात पुढे करेल?

आजोबांच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली जात नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पर्यटन एका रात्रीत शून्यावर आलं. एप्रिलमध्ये केंद्राने मासेमारीला सूट दिली, तेव्हा याच मुलाने दोर ओढून घरात मासे आणले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, खोल्यांचे पत्रे उडाले, पुन्हा तेच. रापण त्याची नोकरी नाही, पण इतर सगळं बुडालं की उरतं ते तेच, जसं ते त्याच्या धाकट्या आजोबांना १९८२ नंतर उरलं होतं. ते तसंच राहायचं असेल तर चांगल्या दिवसांतही दोराला माणसं लागतात, हे म्हातारे बरोबर सांगतात. फक्त ते रागाने सांगतात.

आणि पोराची एक अडचण आजोबांना कळलेली नाही, किंवा कोणी सांगितलेली नाही. मेसेज वाचला तेव्हा तो बोट सोडून जाऊ शकला असता असं त्यांना वाटतं. पण बोटी लांब घालवल्यानंतरचा पाऊण तास त्याच्या हातात पाण्याखाली एका अनोळखी बाईचा हात होता. दोर एकाने सोडला तर दुसरा धरतो. हा हात सोडून चालत नाही.

नंतर

पावसाळ्यात मुलगा जाळ्याला बसला. धाकटी बहीण रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते, तीही सुट्टीत होती. तिने एक वही सुरू केली आहे: कुठल्या तारखेला रापण लागली, कुठला मासा, किती, दोराला किती माणसं. तिचं म्हणणं, मासे कमी झाले असं आपण अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगतो, पण आपल्याकडे लिहून ठेवलेलं काहीच नाही, कारण वाळूवरचा हिशोब भरतीला पुसला जातो. आजोबा तिला तारखा सांगतात, बऱ्याचशा सणांवरून. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा द्यायचं ठरवलं, तेव्हापासून सोसायटीत फॉर्म भरायची गर्दी आहे आणि व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं यावर घरात अजून एकमत नाही. मुलगा मासेमारी लिहितो. आई विचारते, मग माझ्या रकान्यात काय?

सध्याचा वाद वेगळाच आहे. आजोबांनी संघाला कळवलं की जाळ्याच्या वाट्यावर आता आपल्या जागी घरातलं दुसरं नाव लावा. वडिलांनी मुलाचं नाव सुचवलं. मुलगा म्हणाला, माझं नको, आईचं लावा. आईने स्वतः काहीच मागितलं नव्हतं, फक्त बैठकीच्या दिवशी एवढंच म्हणाली होती, "पाट्यो उचलूक आमी, बाजारात बसूक आमी. मगे बैठकीक आमी खंय?" संघाच्या यादीत आजवर बाईचं नाव नाही. विधवेच्या घराला वाटा मिळतो, पण नाव मेलेल्या नवऱ्याचंच चालतं. नारळी पौर्णिमेनंतरच्या बैठकीत विषय निघाला, दोन तास चालला, आणि दिवाळीनंतर बघू यावर थांबला. आजोबा कोणाच्या बाजूने बोलले ते मी विचारलं. ते त्या दिवशी बैठकीला गेलेच नव्हते, पुळणीवर पाणी बघत बसले होते. तारली लागेल असं त्यांना वाटत होतं. लागली नाही.